वत्सगुल्माची पहिली धार

वाशीम येथे सापडलेल्या आणि १९३९ च्या सुमारास विद्वानांच्या दृष्टीस आलेल्या वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात, एका गावाचे दान अथर्ववेदी ब्राह्मणांस करून देताना त्या गावावरचे जे राजहक्क राजाने सोडून दिले, त्यांची एक लांबलचक मालिका येते. राजाचे सैनिक गावात शिरणार नाहीत, गावाकडून अमुक घेतले जाणार नाही, तमुक मागितले जाणार नाही, असे एकेक आश्वासन त्यात नोंदले आहे आणि त्या ओघातच मीठ खणणे व किण्व, म्हणजे मद्य आंबविण्याचे द्रव्य, विकत घेणे यांवरील राजाच्या मक्त्यापासूनही त्या गावाला मुक्तता दिलेली आहे. ख्रिस्ताच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा लेख, राजाच्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, या राजधानीतून, काहीसा संस्कृतात व बराचसा प्राकृतात कोरून दिलेला. त्यात मीठ आणि मद्य ही जोडी एका दमात यावी यात नवल काही नाही, कारण कोणत्याही काळी कोणत्याही राज्याच्या खजिनदाराला ही दोन द्रव्ये एकाच दृष्टीने दिसत आली आहेत: एकाशिवाय गरिबाचे जेवण होत नाही, दुसऱ्याशिवाय त्याचा सण होत नाही, आणि म्हणून दोहोंवरचा कर कधी बुडत नाही. वाशीमच्या दारूचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला भट्टी सापडण्यापूर्वी आबकारी सापडते.

त्या काळच्या वत्सगुल्मात लोक काय पीत होते याची यादी ताम्रपट देत नाही, परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण ज्याने वाचले असेल त्याला त्या जगाची कल्पना सहज येईल. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधू असे मद्याचे प्रकार तेथे घटकद्रव्यांच्या मापांसह सांगितले आहेत. कोणी, कोठे व किती प्यावे याचे निर्बंध आहेत. आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या निमित्ताने चार दिवसांची मोकळीकही आहे, जी वाचताना आजच्या एक दिवसाच्या परवान्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मद्याचे ऊर्ध्वपातन त्या काळी होत होते की केवळ आंबवणे, हा पंडितांचा वाद आहे आणि तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मोहाचे झाड मात्र वादातीत आहे. हालाच्या गाथासप्तशतीत गोदातीरीच्या फुलांनी वाकलेल्या मोहाला उद्देशून एका नायिकेने केलेली विनवणी आहे, आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, ज्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले, त्याच्याही काही गाथा त्या संग्रहात असल्याचे परंपरा सांगते. मोहाची फुले वेचण्याच्या निमित्ताने रानात जाणाऱ्या स्त्रियांचे जग या राजाच्या परिचयाचे होते, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

मोहाचे खरे राज्य मेळघाटात आणि त्याहूनही पूर्वेस गडचिरोलीच्या अरण्यात. वाशीम जिल्ह्यात तो मांडलिकासारखा आहे. मानोरा, मंगरूळपीर व कारंजा या बाजूंच्या रानांत आणि अडाण, अरुणावती यांच्या खोऱ्यांतील बांधांवर तो उभा असतो, आंधांच्या व बंजाऱ्यांच्या वस्त्यांभोवती त्याला अधिक मान असतो, आणि शेतकऱ्याने शेत साफ करताना इतर झाडे तोडली तरी मोहावर कुऱ्हाड चालवताना तो दोनदा विचार करीत आला. फाल्गुन-चैत्रात, पाने झडून गेलेल्या फांद्यांवर, मांसल, फिकट पिवळी फुले येतात आणि रात्रभर उमलून पहाटे खाली पडतात. वेचणाऱ्यांनी आधीच झाडाखालचा पाचोळा जाळून किंवा झाडून जमीन स्वच्छ केलेली असते. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असल्याने दुष्काळात याच फुलांनी माणसे जगवली आहेत, हे जुने लोक सांगतात व सरकारी कागदही सांगतात. तेव्हा मोह म्हणजे केवळ मद्य असे जो समजतो त्याला वऱ्हाडातील भूक ठाऊक नाही.

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात, जुन्या आंबवणातला थोडा अंश त्यात सोडतात, आणि हवामानाप्रमाणे काही दिवस ते मिश्रण आंबू देतात. पंचनाम्यांत ज्याला सडवा किंवा मोहामाच असे लिहिलेले आढळते ते हेच. फेस बसला, वास बदलला, म्हणजे भट्टी लावायची. चुलीवर मोठा हंडा, त्याच्या तोंडावर दुसरे भांडे, सांध्यांना मातीचा किंवा कणकेचा लेप, वर थंड पाण्याने भरलेले पातेले. वाफ वर चढते, थंड बुडाला लागून थेंब होते आणि ते थेंब आत ठेवलेल्या भांड्यात गळतात किंवा नळीवाटे बाहेर येतात. वरचे पाणी तापले की बदलावे लागते, आणि ते जितक्या अधिक वेळा बदलले जाईल तितकी खालची दारू पातळ होत जाते, कारण मद्यार्क पाण्याआधी उकळून निघून गेलेला असतो व मागाहून बहुतांशी पाण्याचीच वाफ येते. म्हणून आरंभी जी येते ती पहिली धार. महाराष्ट्रातल्या ज्या माणसाने आयुष्यात मद्याला ओठ लावलेला नाही त्यालाही ‘पहिल्या धारेची’ म्हणजे काय हे कळते, आणि ज्या वक्त्याचे भाषण अंगार असते, ज्या म्हातारीची जीभ तिखट असते, त्यांनाही हेच विशेषण लावले जाते.

पहिल्या धारेची परीक्षा जिभेआधी अग्नीने होत असे. थोडी दारू जमिनीवर किंवा बशीत टाकून काडी लावायची; निळसर ज्योत धरली तर ती खरी, नुसती फुसफुसली तर पाणी घातलेली. यानंतर ओंजळीत किंवा मोहाच्याच अथवा पळसाच्या पानाच्या द्रोणात तिचा पहिला अंश देवाच्या नावाने जमिनीवर सोडायचा, आणि मगच ती माणसाकडे यायची. गोंड, कोलाम, आंध या समाजांत देवाला धार देण्याचा हा विधी जन्म, लग्न, मरण अशा प्रत्येक वळणावर आढळतो, आणि त्या विधीतील मद्य पाणी घालून दिलेले चालत नाही. देवालाही ते अमिश्रितच लागते. चवीचे म्हणाल तर ताज्या मोहाच्या दारूत प्रथम धूर येतो, कारण सरपणाचा अग्नी व सांध्यांतून झिरपणारी वाफ यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय त्या भट्टीत नसते. मग फुलाचा तो जड, काहीसा कस्तुरीकडे झुकणारा, अनोळखी नाकाला न आवडणारा गंध. मग क्षणभर गोडवा. आणि शेवटी घशापासून छातीपर्यंत जाणारा दाह, जो ओसरल्यावरच मागे उरलेली मनुकेसारखी चव कळते. या चवीचे वर्णन मराठी साहित्यात फारसे झालेले नाही, कारण जे लिहीत होते ते पीत नव्हते, अथवा पीत असले तरी तसे लिहीत नव्हते, आणि जे पीत होते त्यांना लिहिण्याची गरज वाटली नाही.

आता या पहिल्या धारेशेजारी सातासमुद्रांपलीकडचे एक पेय ठेवून पाहावे. अमेरिकेच्या केंटकी प्रांतात प्राधान्याने तयार होणारी बोर्बन व्हिस्की ही मक्याची दारू. कायद्याने तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, ती आतून जाळून कोळसवलेल्या ओकच्या नव्या पिंपातच मुरली पाहिजे, आणि पिंपात भरताना तिच्यातील मद्यार्क ६२.५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून ती आपल्या देशाची खास वस्तू असल्याचे जाहीर केले. सामान्यतः बाटलीत भरण्यापूर्वी तिच्यात पाणी घालून ती चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आणतात. पण पिंपातून जशी निघाली तशीच, थेंबभरही पाणी न घालता बाटलीत भरलेली जी बोर्बन, तिला तेथे बॅरल प्रूफ म्हणतात, आणि तिचा मद्यार्क साधारणपणे पंचावन्न ते पासष्ट टक्क्यांच्या दरम्यान असतो. जिम बीम घराण्यातील बुकर नो या वृद्ध कारागिराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याच नावाची अशी पाणी न घातलेली बोर्बन बाजारात आणली, तेव्हापासून या प्रकाराला रसिकांची एक स्वतंत्र पंगत लाभली. वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगण्यास पुष्कळ शब्द लागत नाहीत. ही अमेरिकेची पहिल्या धारेची, असे म्हटले की निम्मे काम होते, आणि राहिलेले निम्मे काम त्या पिंपाचे असते.

ती कशी चाखावी याचा त्या देशात एक आचारच झाला आहे, आणि त्यातील बहुतेक नियम मला सयुक्तिक वाटतात. पेला तोंडाला अरुंद, दारू तळाशी बोटभर, आणि घाई नाही. नाक एकदम पेल्यात घातले तर मद्यार्काची सुई टोचते व पुढची दोन मिनिटे काहीही कळत नाही. म्हणून पेला हनुवटीच्या पातळीवर धरून, ओठ किंचित उघडे ठेवून, दुरूनच वास घ्यायचा. जळक्या गुळाचा वास प्रथम येतो, तो कोळसवलेल्या लाकडातील साखरेचा; मग व्हॅनिला, लवंग आणि कधी सुक्या खोबऱ्याचा भास, हे सारे ओकच्या अंगचे. पहिला घोट हा घोट नसतोच. जिभेला वर्दी देण्यापुरता एक थेंब, जो तोंडभर फिरवून गिळायचा आणि विसरायचा, कारण त्याने जीभ केवळ जागी होते. दुसऱ्या घोटात मक्याची गोडी, राय धान्याचा तिखटपणा आणि लाकडाचा तुरटपणा यांची क्रमवारी कळू लागते. त्यानंतर पाण्याचे दोन-चार थेंब घालून पुन्हा वास घ्यावा: मघाशी दडलेले गंध वर येतात. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली याची मीमांसा केली की, व्हिस्कीला धुराची छटा देणारा ग्वायाकोल हा पदार्थ मद्यार्क जास्त असताना द्रवाच्या पोटात मद्यार्काच्या कणांनी वेढलेला राहतो आणि पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. तात्पर्य, तीव्र दारू पाण्यावाचून प्यावी असा तिचा आग्रह नसून, पाणी किती घालावे हा अधिकार कारखानदाराकडून काढून पिणाऱ्याच्या हाती दिला, एवढाच तिचा विशेष. ज्याला केवळ झिंग हवी त्याला या तीव्रतेचा उपयोग नाही. त्याला ती लवकर पोहोचवते आणि वाटेतले काहीच दाखवत नाही.

मोह आणि मका यांच्यात श्रेष्ठ कोण हा प्रश्न येथे गौण आहे. दोन्ही गरीब शेतकऱ्याने आपल्या परसातल्या भट्टीवर गाळलेली, दोन्ही आरंभी काच किंवा लाकूड न पाहिलेली, दोन्ही अग्नीने पारखलेली. इंग्लंडात तर दारूगोळ्यातील बारुदेवर मद्य ओतून ती पेटते का हे पाहत असत व जे मद्य बारूद पेटू देई त्याला सिद्ध झालेले मानत, अशी दंतकथा आहे; प्रमाणमद्याची ही सीमा पुढे विज्ञानाने सुमारे ५७ टक्क्यांवर निश्चित केली. मग एक सोन्यासारख्या रंगाची होऊन जगभर हिंडली आणि दुसरी रॉकेलच्या डब्यात लपून राहिली, हे अंतर कोणत्या कारणाने पडले? फुलाच्या गुणाने नव्हे, कारागिराच्या अडाणीपणाने नव्हे. ते पडले महसूल कोणत्या क्षणी वसूल करावा या एका क्षुल्लक वाटणाऱ्या निर्णयाने, असे माझे मत कागदपत्रांच्या वाचनाने दृढ होत गेले आहे.

अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारा, म्हणजे महसुली विभाग, होत्या त्यांत बाशीम, म्हणजेच वाशीम, ही एक स्वतंत्र सरकार होती, हे ऐने अकबरीवरून दिसते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलात या मुलखाचा वसूल दोघांत वाटला जाई, आणि वाशीमचे नाव दारूसाठी नव्हे तर कापडासाठी दूरवर गेले होते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांस दरसाल वाशीम व बाळापूर येथील पाच हजारांचे कापड देण्याचे कबूल केले होते, आणि साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ मध्ये बांधलेले बालाजीचे मंदिर त्या भरभराटीची साक्ष देत आजही उभे आहे. कलालीचा, म्हणजे दारू गाळण्या-विकण्याच्या धंद्याचा, वसूल त्या काळी मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरावी, आपल्या इलाख्यातील भट्ट्या व दुकाने चालवावीत, आणि जे जास्त मिळेल ते खावे, अशी ती सोपी, निर्दय व्यवस्था. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कलालांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, यावरून त्या धंद्याचे समाजातील स्थान ध्यानात येईल.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला आणि काही काळाने वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला; १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यास जोडला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा उभा राहिला. मधल्या या ब्रिटिश अमदानीत आबकारीच्या दोन पद्धती एकमेकींशी झगडत होत्या. पहिल्या पद्धतीत गावोगावच्या भट्टीचा दरसाल लिलाव होई. बोली जिंकणाऱ्याने किती गाळावी, किती तेज गाळावी, याला फारसा धरबंद नसे. दुसऱ्या पद्धतीत सरकारी आवारातच दारू गाळायची, निरीक्षकाने हायड्रोमीटर बुडवून तिचे बळ मोजायचे आणि दर प्रूफ गॅलनमागे जकात घेतल्यावरच ती आवाराबाहेर जाऊ द्यायची. १९०५-०६ च्या आबकारी समितीनंतर ही दुसरी पद्धत, ठेकेदाराकडून पुरवठ्याच्या रूपात, झपाट्याने पसरली, आणि मध्यप्रांताचा आबकारी कायदा १९१५ साली आला. ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ मध्ये मान्य केलेले साइक्सचे पितळी हायड्रोमीटर आता वऱ्हाडातल्या मोहाचे भवितव्य सांगू लागले. जी गोष्ट काडीच्या ज्योतीने ठरत होती ती अंशांत मोजली जाऊ लागली, यात अन्याय काही नव्हता. उलट खेड्यातील गरिबाला पाणी घातलेली दारू तेज म्हणून विकणाऱ्या गुत्तेदाराला त्याने थोडा चाप बसला असेल.

गोम दुसरीकडे होती. लिलाव वर्षाचा, म्हणून गुत्तेदाराचा विचारही वर्षाचाच. पुढच्या साली भट्टी आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस यंदाची दारू चार वर्षे साठवून ठेवील हे असंभव. आणि सरकारी आवारातील जकात भट्टीच्या तोंडाशीच चुकती करावयाची, म्हणजे ज्या दारूची एक कवडीही अजून सुटलेली नाही तिच्यावर आधी पैसा भरायचा, मग तिने वर्षानुवर्षे पडून राहावे, त्यातून ती दरसाल थोडथोडी उडून जावी, आणि उडालेल्यावरही कर भरलेला असावा! असा व्यापार कोणता शहाणा कलाल करील? केंटकीत नेमके उलटे झाले. तेथील भट्टीवाल्यांनी सरकारशी भांडून, खटपटी करून, आपले मद्य सरकारी कुलपाच्या वखारीत करावाचून ठेवण्याची सवलत मिळवली. ही मुदत आरंभी एका वर्षाची होती, १८९४ मध्ये ती आठ वर्षांवर गेली आणि १९५८ मध्ये वीस वर्षांवर. कर पिंप बाहेर काढताना, तोवर लाकूड आपले काम करो. ओकची पिंपे तेथे होती व येथे नव्हती हे खरेच, आपल्याकडे मातीचे रांजण होते. पण ओक आणता आला असता, आणि रांजणातही लोणच्याप्रमाणे बरेच काही मुरते. मुदत मात्र सरकारखेरीज कोणी देऊ शकत नव्हते. अमेरिकेनेही मद्यावरच्या कराचे कडू घोट प्यालेले आहेत. १७९१ च्या करावरून पेनसिल्व्हानियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी १७९४ मध्ये बंड केले आणि खुद्द वॉशिंग्टनला सैन्य घेऊन निघावे लागले. परंतु ज्या राज्यसंस्थेत भट्टीवाल्याला मत होते तेथे अखेर तडजोड झाली, आणि ज्या मुलखात कलालाला मत नव्हते तेथे लिलाव झाला.

वऱ्हाडातील सुबुद्ध समाजाने या साऱ्याकडे पाठ फिरवली, आणि ती निष्कारण फिरवली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांचे वडील दारूच्या पायी अकाली गेले. आणि महाराजांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रूढीप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले तेव्हा आप्तेष्टांना ते विपरीतच वाटले. पुढे आयुष्यभर खराट्याबरोबर त्यांची जी वाणी गावोगाव फिरली तिचा मोठा रोख दारूवर होता. टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन आरंभले त्यामागे नीतीबरोबर राजकारणही होते, कारण परक्या सरकारच्या तिजोरीचा तो एक कणा होता. तेव्हा १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला, स्वतंत्र भारताच्या घटनेने ४७ व्या अनुच्छेदात तोच आदर्श ठेवला, आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात विदर्भ गेल्यावर १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये इकडेही लागू झाला, ही एका सरळ रेषेतली वाटचाल होती. त्या कायद्यांनी दारू थांबली किंवा कसे याबद्दल मतभेद असतील. मोहाची दारू मात्र रानाच्या आडोशाला गेली, यावर पंचनाम्यांचेच एकमत आहे.

आडोशाला गेलेल्या कारागिरीला दोन रोग जडतात, घाई आणि भेसळ. जो भट्टीवाला शिपायाच्या वाटेकडे एक डोळा ठेवून गाळतो तो सडव्याला पुरे दिवस देत नाही, नवसागर टाकून त्याला घाईने उकळी आणतो, मोह महाग झाला तर गूळ घालतो. आणि पहिल्या धारेतला अगदी आरंभीचा जो उग्र, बाधक अंश केंटकीचा भट्टीवाला फेकून देतो, तोही हा विकतो, कारण ‘पहिल्या धारेची’ म्हणून त्यालाच भाव येतो. यापुढची पायरी मिथेनॉलची. मुंबईत मालवणी येथे २०१५ मध्ये शंभरावर माणसे मेली ती फुलाने नव्हे, त्या औद्योगिक विषाने. बंजारा तांड्यांवर पोलिसांच्या धाडी वर्षानुवर्षे पडत आल्या, आणि मानोरा तालुक्यात पोहरादेवीसारखे ज्यांचे महातीर्थ आहे, मीठ-धान्याची वाहतूक करणारा ज्यांचा पूर्वापार धंदा रेल्वेने बुडवला, त्या समाजाची शहरात ओळख हातभट्टीपुरती उरावी हा एक वेगळाच अन्याय होय. शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक, स्वतः त्याच समाजातले, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते आणि त्यांच्याच अमदानीत बंदी हळूहळू सैल झाली; १९७३ मध्ये देशी दारूचे नियम निघाले.

या ‘देशी’त मोह नव्हता. साखर कारखान्याच्या मळीतून काढलेला शुद्ध मद्यार्क, पाणी, थोडा संत्र्याचा गंध, एवढेच तिचे घटक. आणि ती ज्या दुकानात मिळते त्याच्या शेजारच्या काउंटरवरील विलायती म्हणवणाऱ्या बाटलीवर ४२.८ हा जो चमत्कारिक आकडा छापलेला असतो तो साइक्सच्या प्रमाणमद्याच्या पाऊण हिश्श्याचा हिशेब आहे, म्हणजे वेलिंग्टनच्या काळचे पितळी यंत्र अजून वाशीमच्या बसस्थानकाशेजारी राज्य करीत आहे. २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मका या धान्यांपासून मद्य करण्यास उत्तेजन देणारे धोरण महाराष्ट्र शासनाने काढले तेव्हा अन्नाची दारू करावी काय यावर मोठे वादंग माजले. त्या वादात मोहाचे नाव कोणी काढले नाही, जरी त्याच्या फुलाला ना पाणी द्यावे लागते ना नांगरट.

परिस्थिती अलीकडे पालटू लागली आहे, आणि ती पालटवणारी मंडळी पुन्हा एकवार भट्टीपासून दूरची आहेत. नवे पिंप एकदाच वापरता येते, या अमेरिकन कायद्यामुळे बोर्बनची वापरलेली पिंपे जगभर स्वस्तात जातात, आणि गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन या नावाने जी माल्ट व्हिस्की मुरते ती याच पिंपांत. तिचे पाणी न घातलेले पंचावन्न टक्क्यांचे प्रकारही निघतात, म्हणजे केंटकीचे लाकूड कोकणच्या दमट हवेत दुसरा जन्म घेते. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ म्हणून मोहाचे मद्य प्रतिष्ठित बाटलीत आणले. मध्य प्रदेश शासनाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देण्याचे ठरवले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व विकणे यांवरची जुनी बंधने उठवली. फूल मोकळे झाले, भट्टी अजून परवान्याखाली आहे.

उद्या एखाद्या उद्योगी माणसाने मानोऱ्याच्या मोहाची पहिली धार, आरंभीचा उग्र अंश टाकून, कुंकळ्ळीहून आणलेल्या बोर्बनच्या जुन्या पिंपात भरून वाशीमलाच ठेवली, तर काय होईल हे पदार्थविज्ञान आधीच सांगू शकते. स्कॉटलंडच्या ओल्या हवेत पिंपातील मद्यार्क दरसाल घटतो; केंटकीच्या तापत्या वखारींत पाणी आधी उडते आणि मद्यार्काचे प्रमाण चढत जाते. वैशाखात बेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या वाशीमच्या कोरड्या हवेत हेच अधिक जोराने होईल, आणि तीन-चार वर्षांनी पिंप उघडणाऱ्याला भरली होती त्याहून तेज, गडद, धुराबरोबर गुळाचा वास आलेली दारू मिळेल. फक्त तिचा बराच मोठा वाटा तोवर हवेने प्यालेला असेल, आणि हवेकडून जकात वसूल करण्याची तरतूद अजून कोणत्याही आबकारी नियमांत नाही.